पहिल्या वर्षाची धास्ती : बुडालेल्या प्रात्यक्षिकांना परत कसे जावे? (बडोदे)

नवी विद्यार्थिनी, दांडिया बाजार

मी मूळची धुळ्याची. यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बडोद्यात प्रवेश घेतला आणि आत्याकडे राहते. माझा स्वभाव लहानपणापासून धास्तावणारा आहे. हजेरीत माझा क्रमांक येण्याआधीचे दहा क्रमांक ऐकतानाच छाती धडधडू लागते. धुळ्यात सगळे ओळखीचे असल्यामुळे ते निभावले. येथे शिकवणे इंग्रजीत चालते आणि बाकावरचे सारे बोलणे गुजरातीत.

महिन्याभरापूर्वी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील काकांनी माझे अपुरे जर्नल चाळून परत दिले आणि ‘काले लावजे’ एवढेच म्हणाले. जर्नल काल द्यायचे होते, आता मुदत गेली, असा मी त्याचा अर्थ घेतला आणि त्या भीतीने पुढच्या प्रात्यक्षिकाला गेलेच नाही. ते ‘उद्या आण’ म्हणाले होते, हे एका मुलीने सांगितले तेव्हा दोन प्रात्यक्षिके बुडालेली होती, आणि आता एवढ्या दिवसांनी तोंड कसे दाखवावे, या विचाराने तिसरे आणि चौथेही बुडाले. सकाळी दहाला डबा घेऊन निघते, कमाटीबागेत बाकावर बसते, तेथेच पोळीभाजी खाते आणि पाचला घरी येते. आत्याला यातले काही ठाऊक नाही. परत जाण्याची सुरुवात कोठून करावी आणि बडोद्यात याबाबत कोणाशी बोलता येईल, हे कृपया सांगावे.

रावपुऱ्यातील एक आई

तुला ‘तू’च म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. बाकी सल्ले जाणकार देतील, पण आज रात्री जेवणे झाल्यावर आत्याला हे सगळे सांग. रोज सकाळी डबा भरून देणाऱ्या माणसापासून दिवसाचे सात तास लपवण्याचे ओझे तुझ्या मूळ भीतीपेक्षा जड झाले असणार. सांगताना ‘मी बाबांना स्वतः सांगेन, मला दोन दिवस द्या’ असेही म्हण, म्हणजे धुळ्याला लगेच फोन जाणार नाही. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी असेच काही लपवले होते. ते कळले तेव्हा मला तिचा राग आला नाही. इतके दिवस ती एकटीच हे सोसत होती, याचेच फार वाईट वाटले.

निवृत्त शालेय समुपदेशक, कारेलीबाग

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिली अनुपस्थिती गैरसमजामुळे झाली, परंतु गैरसमज दूर झाल्यावरही पुढची दोन प्रात्यक्षिके बुडाली. धास्ती अशीच वाढते. दाराशी पोहोचल्यावर शरीरात अॅड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, तळहात ओले होतात. त्या क्षणी आपण मागे फिरलो की चटकन हायसे वाटते, आणि मेंदू अशी नोंद करतो की मागे फिरल्यामुळेच आपण वाचलो, म्हणून पुढच्या वेळी तो आणखी आधी, कदाचित घरातून निघतानाच, घाबरवू लागतो. आपण तेथेच थांबलो तर ती लाट काही वेळाने आपोआप ओसरते, आणि हे मेंदूला शिकवायचे असेल तर ती ओसरेपर्यंत थांबावे लागते.

म्हणून एकदम पूर्ण प्रात्यक्षिक करण्याचा निश्चय करू नका. पहिल्या दिवशी तास नसताना प्रयोगशाळेच्या बाहेरच्या व्हरांड्यात वीस मिनिटे बसा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. दुसऱ्या दिवशी आत जाऊन त्या काकांना फक्त एक प्रश्न विचारा. त्या सकाळी चहा-कॉफी टाळा, कारण कॅफिनने वाढलेली धडधडसुद्धा भीतीचीच वाटते.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र वाट पाहू नका. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा निःशुल्क क्रमांक आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तेथे अहोरात्र बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. समक्ष भेटायचे असेल तर सयाजी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे आत्यालाही सांगा.

तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सयाजीगंज

गुजरातीत ‘काले’ म्हणजे कालही आणि उद्याही. नेमके सांगायचे असेल तेव्हा ‘गई काले’ किंवा ‘आवती काले’ म्हणतात. ‘लाववुं’ म्हणजे आणणे. ‘मने गुजराती नथी आवडतुं’ हे वाक्य पाठ करा. मराठी कानाला ते उद्धट वाटेल, परंतु त्याचा अर्थ ‘मला गुजराती येत नाही’ एवढाच आहे, आणि ते ऐकल्यावर बहुतेक जण हिंदीत बोलू लागतात.

आधी काकांकडून बुडालेल्या प्रयोगांची यादी घ्या, मग शिक्षकांना भेटून दुसऱ्या तुकडीबरोबर ते करू देण्याची विनंती करा. तोंडाने बोलणे जमणार नाही असे वाटत असेल तर चार ओळींचा अर्ज लिहून हातात द्या. मी तसेच केले होते. मधल्या वेळेत बागेऐवजी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून पाहा. १९१० साली सयाजीरावांच्या काळात सुरू झालेल्या या ग्रंथालयात मराठी पुस्तके भरपूर आहेत आणि तेथे कोणीही कोणाशी बोलत नाही.

नवी विद्यार्थिनी, दांडिया बाजार

सर्वांची मनापासून आभारी आहे. आत्याला रविवारी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘उद्या मी दारापर्यंत येते.’ सोमवारी ती व्हरांड्यात माझ्याशेजारी बसली होती. मंगळवारी एकटी आत गेले. हात इतके थरथरत होते की जर्नलचे कव्हर फाटले. काकांनी दोन प्रयोगांवर खूण केली, बाकीच्यांसाठी मॅडमना भेटायला सांगितले आणि म्हणाले, ‘काले आवजे.’ मी विचारले, ‘आवती काले?’ ते ‘हा, आवती काले, अगियार वागे’ म्हणाले. अगियार म्हणजे अकराच ना?