मदत हवी: कॅम्परच्या पाईपमधलं पाणी पूर्ण कसं काढायचं?

राजवाडा_इंदूर
परवा पहाटे निघायचंय, लवकर सांगा. ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेतलाय. मागच्या हिवाळ्यात फिल्टरचं भांडं तडकलं. केसाएवढी रेघ, पण पंप चालू केला की गादीपर्यंत पाणी! टाकी तर रिकामी केली होती. मग पाणी उरलं कुठे?

लष्करवाली
आमच्या ग्वाल्हेरला एवढी थंडी पडते, तरी नळ कधी फुटला नाही. इंदुरात कुठे पाणी गोठतं?

राजवाडा_इंदूर
इंदुरात नाही हो. गाडी मनालीला मेव्हण्याकडे ठेवतो, डिसेंबर ते मार्च.

जुना_फिटर
हे आधी सांगायचं ना! टाकी रिकामी झाली तरी पंपात, फिल्टरमध्ये, नळांत पाणी राहतंच. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं. गीझर आहे का? बायपास, म्हणजे गीझर वगळून पाणी पुढे नेणारी जोडणी, आहे?

बडोदेकर_विनू
एवढा खटाटोप कशाला? रेडिएटरचं कूलंट टाकीत ओता. माझी गाडी लेहला त्याच्यावरच टिकली.

जुना_फिटर
विनूभाऊ, तुमचं इंजिन टिकलं. इथे पिण्याच्या पाण्याची लाईन आहे. त्या कूलंटमध्ये बहुतेक इथिलीन ग्लायकोल असतं, ते विष आहे.

बडोदेकर_विनू
नंतर धुऊन घ्यायचं की.

जुना_फिटर
पोरंबाळं पितात त्यातलं. मी तर हात लावू देणार नाही.

लष्करवाली
जाताना ग्वाल्हेर-आग्र्यावरून जा, कोट्याकडून नको. जेवायला आमच्याकडे थांबा.

राजवाडा_इंदूर
ताई, नक्की. काका, गीझर विजेचा, १५ लिटरचा. बायपास नाही.

जुना_फिटर
मग पिण्याच्या लाईनसाठी मिळणाऱ्या बिनविषारी प्रॉपिलीन ग्लायकोलच्याही भानगडीत पडू नका, बायपास नाही म्हणजे आधी अख्खा गीझरच त्यानं भरावा लागेल. हवेनं काढा. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, गरम नळ उघडून दाब सोडा, मगच खालचा प्लग काढा. टाकी आणि सगळ्यात खालचे ड्रेन उघडा. फिल्टरचं भांडं काढून वेगळं ठेवा. पंप थोडा कोरडा फिरवा. मग कंप्रेसरची हवा, २ बारच्या वर नको, आणि एकेक नळ उघडायचा: गार, गरम, शॉवर, फ्लश. नुसती हवा येईपर्यंत. शेवटी सगळे नळ उघडेच ठेवा. सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहतं तो वाकडा पाईप, खोलून रिकामा करा. आणि मार्चमध्ये पाणी भरल्याशिवाय गीझरचं बटण दाबू नका, एलिमेंट जळेल.

राजवाडा_इंदूर
टाकी आत्ताच सोडून पाहिली. टिपूस नाही. मग नवं भांडं खोललं, तर त्यातून अर्धा पेला पाणी निघालं. मेव्हण्याला कंप्रेसर आणून ठेवायला सांगितलंय.