‘रेट्रो कन्सेप्ट कॅमेरा’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका, पणजी
एका कॅमेरा प्रदर्शनाचे मराठी पत्रक करायचे आहे. ‘रेट्रो कन्सेप्ट कॅमेरा’साठी, म्हणजे कंपनीने नुसती कल्पना म्हणून दाखवलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्यासाठी, ‘पूर्वलक्षी संकल्पना कॅमेरा’ असे लिहिले होते. मुद्रितशोधकांनी ‘पूर्वलक्षी’वर काट मारली. त्यांच्या मते तो शब्द वेतनवाढीचा आणि कायद्याचा, ‘पूर्वलक्षी प्रभावाने लागू’ असा. ‘संकल्पना’ऐवजीही ते ‘नमुना’ सुचवतात. पत्रक परवा छपाईला जाईल. काय ठेवू?

मराठीचे शिक्षक, डिचोली
‘पूर्वलक्षी’ काढलात ते बरे झाले. ‘जुन्या घाटाचा’ म्हणा. तांब्याचा घाट, दागिन्याचा घाट म्हणतो तेव्हा आपण फक्त बाहेरच्या आकाराबद्दल बोलतो. इथेही सेन्सर आजचा आणि अंगकाठी १९७०-८०ची. घडणे, घडण, घाट हे सगळे एकाच घराण्यातले शब्द.

छायाचित्रकार, मडगाव
गोव्यात घाट म्हटले की आधी चोर्ला आणि अनमोड आठवतात. ‘रेट्रो’च राहू द्या. जुनी माणसे फोटोला ‘रेत्रात’ म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. परका कशाला मानायचा?

मराठीचे शिक्षक, डिचोली
सर, रेत्रात आला पोर्तुगिजांकडून, आणि त्याच्या मुळाशी ‘ओढणे’ अर्थाचा लॅटिन धातू आहे. ‘रेट्रो’ म्हणजे नुसते ‘मागे’. आरंभीचा ‘रे’ तेवढा दोघांत सारखा. तेवढ्यावर भाऊबंदकी जुळत नाही.

कॅमेरा दुरुस्ती, म्हापसा
ताई, ‘नमुना’ मात्र छापू नका. तांदळाचा नमुना पाहून पोते घेतले तर आत तोच तांदूळ निघायला हवा. कन्सेप्टला ती अट नाही. ऑलिम्पसने सप्टेंबर २००८ मध्ये कोलोनच्या फोटोकिना प्रदर्शनात मायक्रो फोर थर्ड्स या बिनआरशाच्या पद्धतीच्या कॅमेऱ्याची तपकिरी-नारिंगी डमी ठेवली होती, जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासारखी चपटी. जून २००९ मध्ये ई-पी१ आला तो चंदेरी आणि पांढरा, १९५९च्या ‘पेन’ कॅमेऱ्याचे नाव घेऊन.

डमी दाखवायची कशाला, तेही पाहा. पॅनासॉनिकचा जी१ त्याच सप्टेंबरात जाहीर झाला होता आणि ऑलिम्पसकडे त्या पद्धतीचा विकायला एकही कॅमेरा नव्हता. आतला आरसा गेला की कॅमेरा किती बारीक होतो हे डोळ्यांना दिसले की गिऱ्हाईक दुसऱ्याचा घेण्याआधी थांबते. किमतीला, तारखेला, मेगापिक्सेलला कंपनी बांधली जात नाही. लोक कुठल्या रंगापाशी थबकतात, कुठली चकती फिरवायला बोट पुढे करतात, ते मात्र तिला आयते कळते. साचे पाडायचा खर्च त्यानंतरचा.

डमी म्हणजे रिकामे कवच. प्रोटोटाइप म्हणजे चालणारे यंत्र. कन्सेप्ट म्हणजे नुसता इरादा. या तिन्हींना एकच ‘नमुना’ चालणार नाही.

छायाचित्रकार, मडगाव
इरादाच असेल तर ‘संकल्प-कॅमेरा’ म्हणा. सुटसुटीत आहे.

मराठीचे शिक्षक, डिचोली
संकल्प हातावर पाणी घेऊन करतात. तो केला की पुढचे कार्य पार पाडावेच लागते. कंपनीला नेमके तेच नको असते. ‘संकल्पना’च योग्य.

छायाचित्रकार, मडगाव
मान्य. पण ‘घाट’ अजून पटत नाही, कारण जुनेपण नुसते कवचावर नसते, हाताळणीतही असते. निकॉन झेड एफ (२०२३) घ्या. वर शटरची तबकडी आहे, पण तिच्यावर पूर्ण टप्पेच (दुपटीने वाढणारे वेग) कोरलेले. मधले वेग हवे असतील तर ती ‘१/३ स्टेप’वर आणून चाक फिरवायचे. हे ठाऊक नसले की चाक बिघडले असे वाटते. झेड भिंगांवर जुन्यासारखे आकडे कोरलेले अॅपर्चरचे, म्हणजे भिंगाच्या छिद्राचे, कडे नाही, म्हणून वरच्या पत्र्यावर छिद्राच्या मापाची (एफ-आकड्याची) इवलीशी खिडकी दिली आहे. याला नुसता घाट कसे म्हणाल?

कॅमेरा दुरुस्ती, म्हापसा
हा मुद्दा खरा. एप्सन आर-डी१ (२००४) डिजिटल आहे, तरी प्रत्येक फोटोआधी फिल्म कॅमेऱ्यासारखा लिव्हर ओढावाच लागतो, त्याशिवाय शटर सुटत नाही. लायका एम१०-डी (२०१८) वर तसाच दिसणारा दांडा आहे, पण तो अंगठा टेकवायला, आत कशालाच जोडलेला नाही. लायकाचा तो घाट, एप्सनची ती चाल. दोघांना एकच विशेषण लावले तर वाचक फसेल. आणि ‘तबकडी’ म्हणजे ग्रामोफोनची. दुकानात सगळे ‘डायल’ म्हणतात. ‘खटका’ मात्र जिवंत आहे, तो शटर बटणाला खुशाल वापरा.

मराठीचे शिक्षक, डिचोली
दुकानात म्हणतात म्हणून छापायचे, तर मग अनुवाद कशाला? घड्याळाची तबकडी आजही म्हणतात. आणि ‘लिव्हर’ला ‘तरफ’ हा शब्द शाळेच्या विज्ञानात आहे.

कॅमेरा दुरुस्ती, म्हापसा
तरफ म्हटले की पहारीने दगड उचलायचे चित्र उभे राहते. हा बोटभर दांडा आहे.

अनुवादिका, पणजी
पत्रकात एप्सनचा फोटो आहे. त्याखाली ‘फिल्म पुढे सरकवण्याचा दांडा’ लिहिले तर चालेल?

कॅमेरा दुरुस्ती, म्हापसा
नाही ताई, आत फिल्मच नाही. त्या दांड्याने फक्त शटर चार्ज होते, स्प्रिंग ताणली जाते. ‘शटर ताणण्याचा दांडा’ लिहा.

मराठीचे शिक्षक, डिचोली
‘ताणण्याचा’ की ‘चढवण्याचा’? बंदुकीचा घोडा चढवतात, ताणत नाहीत.

छायाचित्रकार, मडगाव
धनुष्याला दोरी चढवतात आणि मग ताणतात. इथे यातली कुठली क्रिया होते?