दातांचं माप तोंडातून निघालं की ते निर्जंतुक कोणी करायचं: दवाखान्याने की लॅबने?

प्लास्टरवाला
सांगलीत माझी छोटी डेंटल लॅब आहे, दवाखान्यांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या बनवतो. काल एक पार्सल आलं. झिपच्या पिशवीत अल्जिनेटचं, म्हणजे मऊ लगद्यात उठवलेलं दातांचं माप, त्यावर रक्ताचा लालसर पट्टा, दाढेच्या खाचेत भाताचं शीत. स्लिपवर एकच शब्द: अर्जंट.
माझं म्हणणं सरळ आहे. पेशंट कोण, त्याला कावीळ आहे का टीबी, हे डॉक्टरला माहीत असतं. मला फक्त नाव आणि दाताच्या रंगाचा शेड नंबर कळतो. ज्याला सगळं माहीत त्याने हात झटकायचे आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याने हात घालायचा, हा कुठला न्याय? हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. एक तारखेपासून, कशात आणि किती मिनिटं बुडवलं हे स्लिपवर लिहिलेलं नसेल तर पार्सल परत.

अक्कलदाढ
मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. पार्सल परत पाठवाल तर पेशंट माझ्या डोक्यावर बसेल, तुमच्या नाही. अल्जिनेट म्हणजे समुद्री शेवाळाचा अर्क, पाणी दिसलं की पितो. दहा मिनिटं बुडवलं की फुगतं, मग पार्शल, म्हणजे काही दातांपुरती कवळी, बसत नाही आणि खुर्चीत बसून घासत मी बसतो. नळाखाली धुतो, झटकतो, ओल्या कापसात गुंडाळतो, एसटीने पाठवतो. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं.

प्रोस्थोवाली
ओल्या कापसात एसटीने? किती वेळ लागतो पोचायला?

अक्कलदाढ
अडीच-तीन तास. पावसाळ्यात जास्त.

प्रोस्थोवाली
मग दहा मिनिटांच्या बुडवण्यावर कशाला खापर फोडताय? तीन तास कापसातलं पाणी पिणारं अल्जिनेट आधीच गेलेलं असतं. कापूस सुकला तर उलटं, ते आकसतं. या मापात पंधरा मिनिटांच्या आत प्लास्टर ओतायला हवं. प्रवास मापाने नाही, ओतलेल्या स्टोन प्लास्टरच्या मॉडेलने करायचा.
आता धुण्याबद्दल. नुसतं नळाखाली धुणं हीच एके काळी मान्य पद्धत होती, तुमच्या सरांचं चुकलं नाही. काळ पुढे गेला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००३ साली स्पष्ट लिहिलं की माप लॅबमध्ये हाताळण्याआधी स्वच्छ करा, टीबीचे जंतू मारू शकणाऱ्या द्रावणाने निर्जंतुक करा आणि काय केलं ते लॅबला कळवा. धुण्याने लाळ-रक्त जातं, जंतू कमी होतात, संपत नाहीत. उरलेले मापातून प्लास्टरमध्ये उतरतात.
पण धुणं सोडायचंही नाही. रक्त राहिलं की हायपोक्लोराईटचं, म्हणजे ब्लीचच्या द्रावणाचं, क्लोरीन त्यावरच खर्ची पडतं. आधी धुवा, मग ०.५ टक्के द्रावणात जास्तीत जास्त दहा मिनिटं, परत धुवा, झटका, लगेच ओता. रूट कॅनलसाठी बाटली तुमच्याकडे असतेच. ५ टक्क्यांची असेल तर एक भागाला नऊ भाग पाणी, ३ टक्क्यांची असेल तर पाच. रोज ताजं बनवा.

अक्कलदाढ
आणि सिलिकॉनची मापं? तीही याच बादलीत?

प्रोस्थोवाली
ॲडिशन सिलिकॉन पाणी पीत नाही, त्याची काळजी नको. पॉलिईथर हे मापाचं दुसरं साहित्य मात्र पितं, तिथे दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. हायपोक्लोराईटऐवजी ग्लुटराल्डिहाइड वापरणार असाल तर झाकणाचं भांडं आणि खिडकी उघडी. त्याच्या वाफेने दम्याचे पेशंट तयार होतात, आपल्याच स्टाफमधले.

बाईटब्लॉक
मीही लॅबवाला, पण प्लास्टरवाल्यांशी असहमत. दवाखान्याच्या शब्दावर मी विसंबत नाही. एका ठिकाणी हायपोची बाटली बघितली, गेल्या दिवाळीत उघडलेली, वासही उरला नव्हता. स्लिपवर मात्र सुंदर अक्षरात ‘डिसइन्फेक्टेड’. येईल ते माप मी स्वतः बुडवतो.

प्रोस्थोवाली
त्यांनी खरंच बुडवलं असेल तर तुमचं दुसरं बुडवणं झालं. अल्जिनेटला ते सोसत नाही. स्लिपवर नोंद हवी ती याचसाठी.

डिजिटल_दात
आजच्या काळात अल्जिनेटवर भांडताय? तोंडात फिरवून माप घेणारा स्कॅनर घ्या, विषय संपला.

अक्कलदाढ
पैसे तुम्ही पाठवता का? आणि स्कॅनरचं टोकही तोंडातच जातं, तेही प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करावं लागतं.

कवळीवाले_आजोबा
डॉक्टर मंडळींत बोलतोय, माफ करा. माझी कवळी तीनदा लॅबला जाऊन आली, एकदा मेणाची, एकदा दुरुस्तीला, एकदा घासायला. इथे सगळे लॅबकडे जाणाऱ्या घाणीबद्दल बोलताय. तिकडून माझ्या तोंडात येते तिचं काय?

बाईटब्लॉक
आजोबा, दुखऱ्या दाढेवर बोट ठेवलंत.

प्रोस्थोवाली
प्लास्टरवाले, तुमच्या पॉलिशच्या लेथखालच्या तसराळ्यातला प्युमिस (घासायची दगडी पूड) शेवटचा कधी बदललात?

प्लास्टरवाला
…संपला की.

प्रोस्थोवाली
म्हणजे बदलत नाही, वरून भर घालता. दुरुस्तीला आलेली दहा जणांची कवळी त्याच ओल्या प्युमिसवर घासली जाते आणि अकराव्याची नवीही. कापडी चाक तर कोणी उकळतसुद्धा नाही. हे तुमच्या मापावरल्या शितापेक्षा कमी आहे का?

प्लास्टरवाला
नाही. खरं सांगायचं तर हे कधी डोक्यातच आलं नाही. वडिलांच्या वेळेपासून ते तसराळं तसंच आहे. प्लास्टर घासायच्या ट्रिमरवरच्या पोराला मी मास्क लावायला लावतो आणि हे माझ्या नाकाखाली.
आज सगळा प्युमिस फेकला. आता दर केसला मूठभर वेगळा काढणार. चाकं दोन डझन मागवली, रोजची रोज ऑटोक्लेव्हला. आणि स्लिपवर दोन रकाने छापतोय, ‘दवाखान्यातून निघताना’ आणि ‘लॅबमधून निघताना’. दुसरा मी भरणार. पण पहिला रिकामा आला तर पार्सल परतच जाईल, तो नियम मागे घेत नाही.

अक्कलदाढ
दुसरा रकाना आहे म्हणून पहिला भरतो. मंगळवारी एक पार्शल आहे. तुमच्या हिशेबाने बुडवून इथेच ओतून मॉडेल पाठवतो. नाही बसली तर री-मेक फुकट?

प्लास्टरवाला
मान्य. फक्त बाटली कोणत्या तारखेला उघडली तेही लिहा.