भाड्याचं घर सोडताना तुमचं काय झालं? डिपॉझिट, नोटीस, किल्ली... अनुभव लिहा

चारकोपची वर्षा
समोरच्या बिल्डिंगखाली सकाळपासून टेम्पो लागलाय, भाडेकरू चाललेत आणि गेटवर रंगाच्या पैशावरून वाद सुरूय. आमचं गोरेगावचं घर सोडताना झालेलं सगळं आठवलं. अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड, महिन्याची नोटीस लेखी दिलेली, तरी डिपॉझिटमधून रंग, साफसफाई आणि वर गीझरचे पैसे कापले. गीझर आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात गळत होता, तसे मेसेज मी तेव्हाच केले होते. ते दाखवल्यावर गीझरचे परत मिळाले, रंगाचे नाही कारण करारात तशी ओळ होती. माणसं राहतात तिथे भिंत मळणारच ना, ती काय नासधूस झाली का? फार लागलं होतं तेव्हा. तुम्हीपण लिहा, नवीन लोकांना उपयोग होईल.

अजिंक्य, मालाड
किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी!! मालक म्हणाले नवीन भाडेकरू आला की देतो, म्हटलं काका मग किल्लीपण तेव्हाच घ्या. त्याच दिवशी पैसे आले.

मुलुंडकर काका
अजिंक्य, जपून हो. मी घरमालक आहे. लायसन्सची (लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीचा भाडेकरार) मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४, त्याप्रमाणे लायसन्स फीच्या दुप्पट भरपाई मागता येते. आमच्या आईच्या फ्लॅटमधला माणूस मुदत संपून गेली तरी हलेना, आई ऐंशीच्या पुढची, औषधपाणी त्या भाड्यावर चालायचं. शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा केसेस बघणारा सरकारी अधिकारी) अर्ज केला. करार लेखी आणि रजिस्टर्ड होता म्हणून निभावलं, नाहीतर दिवाणी कोर्टात पोरं म्हातारी होतात. सगळे मालक लुटारू नसतात एवढंच सांगायचंय.

चारकोपची वर्षा
काका आईंसाठी खरंच वाईट वाटलं 🙏 आता बऱ्या आहेत ना?

मुलुंडकर काका
हो, गुडघे सोडले तर ठणठणीत.

स्नेहल पीजीवाली
आमच्या अंधेरीच्या फ्लॅटचं फक्त नोटरी केलंय, मालक म्हणतात तेवढं पुरतं. पुरतं का?

वकिलीणबाई, बोरिवली
नाही पुरत गं. काकांनी सांगितला त्याच कायद्याचं कलम ५५, करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा आणि ती जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कुठल्या अटीवर घर घेतलं यावर वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत तुझं म्हणणं धरलं जातं. आता ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो. लॉक-इन (ठराविक महिने घर सोडायचं नाही ही अट) पण वाच, त्याआधी सोडलंस तर उरलेलं भाडं मागतात. कुकर झालाय, नंतर येते.

गिरगावची सून
आमची पागडीची खोली (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यावर कायमची घेतलेली), त्यामुळे अकरा महिन्यांच्या कराराची भानगड नाही पण त्रास आहेच. जुने मालक वारल्यावर मुलाने पावत्या देणं बंद केलं, मग पाणी तोडलं, म्हणजे आपोआप सोडून जातील. सासूबाई दुसऱ्या मजल्यावरून कळशी घेऊन खाली जायच्या, चाळीतली पोरं मधेच हातातून घेऊन वर आणून द्यायची, इतकी गोड पोरं, त्यातला एक आता नेव्हीत आहे. पाणी-वीज असं तोडता येत नाही, त्याच कायद्याचं कलम २९. लघुवाद न्यायालयात गेलो, आदेश मिळाला, नळ आला. भाड्याची मनीऑर्डर मात्र एकही महिना चुकवली नाही, पावत्या ट्रंकेत आहेत. बायांनो जुन्या पावत्या रद्दीत घालू नका!

अजिंक्य, मालाड
सासूबाईंना नमस्कार सांगा माझा. काका, तुमचं पटलं, माझी मुदत संपायची होती अजून, पण मुद्दा लक्षात ठेवतो.

रेश्मा_कुर्ला
शेवटचं लाईटबिल आपण गेल्यावर येतं आणि त्यावरून डिपॉझिट अडवतात. निघताना मीटरचा फोटो, सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ, आणि किल्ली मिळाली असं मालकाकडून मेसेजवर लिहून घ्या. सोसायटीचे शिफ्टिंग चार्जेस कोण भरणार तेपण आधीच विचारा. वर्षाताई चारकोप कुठला सेक्टर? माझी नणंद तिकडे घर बघतेय, दोन रूम.

चारकोपची वर्षा
सेक्टर २. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक रिकामं होतंय, मालक चांगले आहेत, मेसेज कर.

स्नेहल पीजीवाली
वकिलीणबाई, मालकांना कलम सांगितलं, शनिवारी रजिस्टर करू म्हणाले. आधारकार्ड सोडून अजून काय लागतं?