चिन्ह दोन बोटं ताणलं तर विद्यापीठाचं काय बिघडतं?

नौपाडा छपाई
नौपाड्यात आमचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, येईल ते. गेल्या आठवड्यात एका महाविद्यालयाचं 12 बाय 4 फुटांचं बॅनर परत आलं. कारण काय, तर वर लावलेलं विद्यापीठाचं बोधचिन्ह 'नियमात बसत नाही'. सोबत नियमावलीची पीडीएफ, 34 पानांची.

आमचे गुन्हे असे: चिन्ह आडवं ताणलंय, भोवतीची मोकळी जागा सोडलेली नाही, निळा त्यांचा निळा नाही, आणि चिन्हाला खेटून प्रायोजक क्लासवाल्याचं नाव आहे. पहिला गुन्हा कबूल. जागा उरत होती, पोराने भरली. पण बॅनर टांगणार एक दिवस, तेही फाटकाच्या जाळीवर. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी पत्र्यावर ताडपत्री म्हणून जाणार. त्याला फूटपट्टी लावायला कोण येणार होतं? पुन्हा छापायचा खर्च मात्र माझ्या बिलातून कापला. हे नियम नेमके कुणासाठी असतात?

नेरूळची रेघ
दादा, तुमचं नुकसान झालं ते वाईटच. पण नियम बरोबर आहेत. मी पलीकडच्या बाजूचं काम करते, अशा नियमावल्या लिहिते, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवूनच बोलते.

बऱ्याच विद्यापीठांकडे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक मुद्रा, म्हणजे पदवीवर आणि औपचारिक कागदांवर उमटते ती. दुसरं रोजच्या वापरातलं चिन्ह. मुद्रा ही सही आहे, ती टी-शर्टावर छापायची नसते. चिन्ह कुठेही जाऊ दे, पण एकाच रूपात जाऊ दे, कारण रस्त्यावरचा माणूस ते वाचत नाही, नुसतं ओळखतो. 'घरबसल्या पदवी'च्या पत्रकांवरही कुठलंतरी गोल चिन्ह असतंच की. खऱ्याचीच दहा रूपं फिरत असतील तर अकरावं खोटं आहे हे पोराच्या आईबापांना कशावरून कळावं?

मोकळ्या जागेचंही तेच. साधारणपणे चिन्हातल्याच एखाद्या भागाचं, समजा एका अक्षराच्या उंचीचं, माप घेतात आणि तेवढं अंतर चारही बाजूंनी रिकामं ठेवायला सांगतात. शेजारचा विद्यापीठाचा भागीदार वाटू नये म्हणून. तुमच्या बॅनरवर क्लासवाला नेमका तसा वाटला असणार.

बाकावरचा तिसरा
सही, मुद्रा, सगळं मान्य. पण ते चिन्ह फक्त कार्यालयाचं आहे का? आम्ही तीन वर्षं त्याच्याखाली बसलो, मार खाल्ला, नापास झालो. महोत्सवाला त्या चिन्हातल्या दिव्याच्या जागी वडापाव काढून टी-शर्ट छापले होते. कुणाची परवानगी घेतली नव्हती. आज पंधरा वर्षांनी कुणी ठाणे स्टेशनवर तो टी-शर्ट घालून दिसला तर मी हाक मारतो. तुमच्या 34 पानांनी असं एकतरी नातं जुळवलंय का?

आणि मुलांनी ठरवलं तर विद्यापीठालाही ऐकावं लागतं. 2012 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने नवीन, गुळगुळीत चिन्ह आणलं. विरोधाच्या अर्जावर 50 हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि त्याच डिसेंबरात ते मागे घेतलं.

नेरूळची रेघ
हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. ती माणसं कशासाठी भांडली? चिन्हाशी खेळायला मिळावं म्हणून नव्हे, 1868 पासूनच्या विद्यापीठाची जुनी मुद्रा जाईल या भीतीने. विद्यापीठ सांगत होतं की मुद्रा औपचारिक कागदांवर राहणारच आहे, नवं चिन्ह इतर कामांसाठी आहे. तरी लोकांना ते पटलं नाही. ओळखीचं रूप कुणी हलवलं की माणूस चिडतो. नियमावलीही तेच म्हणते, फक्त कंटाळवाण्या भाषेत.

वडापाववाला टी-शर्ट मलाही हवाय, ते वेगळं.

सानपाडा लोकल
माझ्या पदवीवर 'बॉम्बे' आहे, मुलीच्या पदवीवर 'मुंबई'. 1996 मध्ये नाव बदललं. 1857 पासूनचं विद्यापीठ, पण नाव बदललं म्हणून माझी पदवी कुणी खोटी म्हटली नाही की तिची कुणी नवखी म्हटली नाही. अख्खं नाव बदलून ओळख टिकते, मग दोन बोटांनी काय होतं?

नेरूळची रेघ
नाव ठरवून, जाहीर करून बदललं. दुकानात जागा उरली म्हणून नाही.

नौपाडा छपाई
ताई, टोमणा पोचला.

पण रंगाचं सांगा. नियमात तुमचा निळा पँटोनच्या, म्हणजे ठरलेल्या रंगांच्या यादीतल्या, आकड्यात दिलेला असतो. ऑक्सफर्डचा 282 आहे म्हणे. ती तयार शाई झाली. स्क्रीन प्रिंटिंगला मी ती मिळवून देतो, पैसे मोजा. फ्लेक्सचं मशीन मात्र चार रंगांतूनच निळा बनवतं. त्यात मॅजेंटाचं (गुलाबी शाईचं) प्रमाण सायनच्या (आकाशी शाईच्या) फार जवळ गेलं की निळ्याचा जांभळा होतो, हे मला कुणी शिकवायला नको. आम्ही मॅजेंटा खाली आणतो. मग त्यांचे साहेब मोबाइलवर चिन्ह उघडून बॅनरशेजारी धरतात आणि म्हणतात, 'हा बघा फरक.' अहो, मोबाइल उजेडाने रंग दाखवतो, फ्लेक्स शाईने. शेजारी धरलं तर फरक दिसणारच!

नेरूळची रेघ
इथे तुमचं शंभर टक्के बरोबर. बरी नियमावली पँटोनशेजारी छपाईच्या चार रंगांची टक्केवारी आणि पडद्याचे आकडेही देते. तुमच्या पीडीएफमध्ये ते असेल तर बघा. नसेल तर चूक लिहिणाऱ्याची आहे, तुमची नाही, आणि बिल त्यांनी कापायला नको होतं.

कोपरी कार्यालय
मी महाविद्यालयाच्या कार्यालयात, त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसतो, म्हणून खरं सांगतो. ही पीडीएफ आमच्याकडे मेलवर आली होती. कुणी उघडली नव्हती. बॅनरसाठी चिन्ह कुठून घेतो? मागच्या वर्षीच्या लेटरहेडचा फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो.

आणि बॅनरवर फक्त विद्यापीठ थोडंच असतं. संस्थेचं चिन्ह, महाविद्यालयाचं चिन्ह, विद्यापीठाचं चिन्ह, 'नॅक' या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने दिलेली श्रेणी, प्रमुख पाहुण्यांचा फोटो, अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो, प्रायोजक. मोकळी जागा म्हटलं की साहेबांना वाया गेलेला पैसा दिसतो. 'इथे काहीतरी टाका ना,' हे वाक्य आठवड्यातून एकदा ऐकतो.

एक गोष्ट चर्चेत आली नाही. आम्ही संलग्न महाविद्यालय. आम्ही म्हणजे विद्यापीठ नव्हे. मग त्यांचं चिन्ह आमच्या बॅनरवर मधोमध, सगळ्यांत मोठं कशाला? 'अमुक विद्यापीठाशी संलग्न' अशी एक ओळ पुरली असती. पण ते चिन्ह मोठं दिसलं की प्रवेश वाढतात असा समज आहे. खरं दुखणं ते आहे, ताणणं नव्हे.

खारघर अक्षर
कोपरीकरांना नमस्कार. आता माझं दुखणं. या नियमावल्यांत इंग्रजी अक्षरांवर पानंच्या पानं असतात: शीर्षकाला कुठला टंक (फाँट), मजकुराला कुठला, जाडी किती. देवनागरीचं नाव नाही. बॅनर मात्र मराठीत! मग छापणारा त्याच्या संगणकावर असेल तो टंक लावतो. त्यात फाइल युनिकोडात, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आणि दुकानात वेगळ्या पद्धतीचं जुनं श्रीलिपी सॉफ्टवेअर, म्हणजे जोडाक्षरांची वाट लागलीच.

मोकळ्या जागेचा नियमसुद्धा इंग्रजी डोक्याने लिहिलेला असतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांची ओळ वरखाली सपाट. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, आणि खाली उकार लोंबतात. माप अक्षराच्या अंगाला धरायचं की वेलांटीच्या टोकाला? कुणी लिहितच नाही. मग चिन्हाखालच्या 'विद्यापीठ'मधल्या वेलांट्या वर्तुळात घुसतात आणि पुन्हा दोषी छापणारा.

फुकटात चांगली मराठी अक्षरं मिळत नाहीत ही सबब आता चालत नाही. 'एक टाइप' या टंक बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' टंक मोफत आहे, इतक्या जाड्यांत आहे की बॅनर आणि पत्र दोन्ही निभतात. विंडोजमधला 'मंगल' टंक रा. कृ. जोशींनी केला, पण तो संगणकाच्या पडद्यासाठी. तो 12 फुटांवर ताणायचा आणि मग मराठी अक्षरं बेढब दिसतात म्हणायचं, हा त्या माणसावर अन्याय आहे. 2022 पासून राज्यात दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. वडे तळणाऱ्याला देवनागरीचा नियम, आणि विद्यापीठाच्या 34 पानांत एक ओळ नाही?

नौपाडा छपाई
आत्ता पीडीएफ पुन्हा उघडली. रंगाचे चार आकडे आहेत, 19व्या पानावर. मी तिथवर गेलो नव्हतो. देवनागरीवर काही नाही. खारघरकर जिंकले.

बाकावरचा तिसरा
म्हणजे शेवटी सगळे फाइलवर आणि टंकावर आलात. माझा मुद्दा तसाच पडलाय. शर्टावरच्या भरतकामाचं सांगा. छातीवरच्या रुपयाएवढ्या चिन्हात बोधवाक्य भरायला गेलं की दोऱ्याचा गोळा होतो, अक्षर दिसत नाही. मुलं ते काढून टाकतात. नियम मोडला?

नेरूळची रेघ
नाही. त्यासाठीच कमीत कमी आकार ठरवतात, आणि त्याहून लहान कामाला बोधवाक्य वगळलेलं साधं रूप देतात. मुंबई विद्यापीठाचं 'शीलवृत्तफला विद्या' पेनच्या टोपणावर कुणाला वाचता येणार आहे? फक्त काय काढायचं ते ज्याने त्याने ठरवू नये. आज बोधवाक्य जातं, उद्या दिव्याचा वडापाव होतो.

बाकावरचा तिसरा
झालाच तर काय! मी माझं मत बदलत नाही. पदवी, गुणपत्रिका, फीची पावती, तिथे 34 काय, 340 पानं लिहा. महोत्सव आणि स्नेहसंमेलन सोडा. तिथे विद्यापीठ नसतं, आम्ही असतो.

सानपाडा लोकल
फीच्या पावतीवर तर चिन्ह असं येतं की ते दिवा आहे की टोमॅटो कळत नाही. आधी तिथे लावा नियम.

नौपाडा छपाई
मी आजपासून ऑर्डरच्या कागदावर एक ओळ छापली आहे: चिन्हाची कर्व्ह केलेली फाइल (रेषांची, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) गिऱ्हाइकाने द्यायची. जेपीजी दिली तर रंगीत बॅनरवर मागे पांढरा डबा येईल, आणि तो काढायचे पैसे वेगळे पडतील. फोटोवरून रेषा गिरवून (ट्रेस करून) देणार नाही, त्यात अक्षरं वितळतात. रंग मोबाइलशी ताडून बघायचा नाही. कापलेले पैसे मात्र मी मागणार आहे, निदान रंगापुरते. ताणण्याचे सोडले.

कोपरी कार्यालय
ती मूळ फाइल कुणाकडे आहे ते आमच्याकडे अजून शोधतायत. एक म्हणतो जुन्या संगणकात, एक म्हणतो तो संगणक भंगारात गेला. तोवर परवाच्या रक्तदान शिबिराचं बॅनर हवं होतं. लेटरहेडचा फोटो चालेल का?

नौपाडा छपाई
नाही.

कोपरी कार्यालय
स्कॅन केला तर?