गोठ्याच्या सांडपाण्यासाठी शेवाळ आणि पाणवनस्पती: आधी कोण, नंतर कोण? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

संगमनेर तालुक्यात आमचा २२ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींचा मुक्त गोठा आहे. शेण गोबरगॅसला जातं, स्लरी शेतात. प्रश्न आहे तो गोमूत्राचा आणि गोठा, मिल्किंग मशीन धुतलेल्या पाण्याचा. ते नालीने ओढ्याकडे उतरतं आणि ओढ्याकाठी खालच्या वस्तीची पिण्याची विहीर आहे. लहान मुलं ते पाणी पितात, म्हणून पावसाळ्याआधी हे काम करायचंच आहे. मोठं यंत्र आणि त्याचं वीजबिल परवडणार नाही.

शेवाळाचं गणित मला पटलंय. उन्हात ते प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू घाण कुजवतात, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड परत शेवाळाला मिळतो आणि नत्र-स्फुरद त्याच्या अंगात जातं. कॅलिफोर्नियात विल्यम ओस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात याच तत्त्वावर उथळ तळ्यांची पद्धत विकसित केली. पण शेवाळ इतकं बारीक असतं की गाळलं जात नाही आणि शेवटी हिरवंगार पाणीच बाहेर पडतं. म्हणून सोबत वनस्पती हव्यात असं वाटतं.

भावकीतले एक दादा म्हणतात, एकच मोठा हौद कर आणि वर अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) सोड. मला वेगवेगळे हौद बरे वाटतात, पण क्रम ठरत नाहीये. वनस्पती आधी की शेवाळ आधी? आणि अझोला योग्य आहे का? ज्यांनी केलंय किंवा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सांगा.

पाणकणीस:
दादांना सांगा, एकाच हौदात दोन्ही नांदत नाहीत. वर हिरवी चादर पसरली की खाली ऊन पोचत नाही आणि शेवाळ मरतं. हीच गोष्ट दुसऱ्या हौदात मात्र कामाची आहे. पहिला हौद शेवाळाचा, फूटभर खोल, पूर्ण उघडा. दुसऱ्यावर डकवीड, म्हणजे ती टिकलीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती. तिच्या सावलीत आलेलं शेवाळ तळाशी बसतं आणि पाणी नितळतं. तिसरा खडी-वाळूचा चर, त्यात कर्दळ किंवा वाळा.

अझोला इथे नको. तिच्या पानात राहणारे नील-हरित जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यामुळे पाण्यातल्या नत्राची तिला फारशी गरज पडत नाही. तुम्हाला तर नत्रच काढायचा आहे. जलपर्णीही आणू नका. एका पुरात ती ओढ्यात जाईल आणि पुढे काय होतं ते पंचगंगेत, इंद्रायणीत, उजनीत आपण पाहतोच आहोत.

गोमूत्राचं पाणी तसंच सोडलंत तर शेवाळच तग धरणार नाही. भर दुपारी शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पाण्याचा सामू (पीएच) ९ च्या वर जातो. २५ अंशाला सामू ९.२५ झाला की गोमूत्रातून आलेला निम्मा अमोनिया विषारी, वायू होणाऱ्या रूपात असतो. म्हणून गोमूत्र नालीतच वेगळं धरा, पाणी मिसळून घासाला, नेपियर गवताला द्या. हौदात फक्त धुण्याचं पाणी जाऊ दे. आणि शेण आधी फावड्याने ओढून घ्या, मग पाणी मारा. निम्मं काम तिथेच होतं.

गोधन_सेवा:
मी पशुवैद्यक आहे. डकवीडमध्ये प्रथिनं भरपूर असतात, म्हणून ती गायींना घालायचा मोह होईल. ज्या गोठ्याचं पाणी, त्याच गोठ्यात ती परत नेऊ नका, जंत आणि रोगजंतू फिरत राहतात. बांगलादेशात मिर्झापूरच्या कुमुदिनी रुग्णालयाच्या सांडपाण्यावर डकवीड वाढवून ती माशांना घालत. तुम्ही सरळ कंपोस्ट करा. दर दोन-चार दिवसांनी काढायला मात्र हवी. मेली की सगळं नत्र पुन्हा पाण्यात.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. गोमूत्र वेगळं धरायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्या गवंड्याला नाली दाखवतो. एकच विचारतो, मुसळधार पावसात हौद भरून वाहिले तर?

पाणकणीस:
गोठ्याच्या पत्र्याला पन्हळ लावून ते पाणी बाहेरच काढा. हौदाचे काठ जमिनीपेक्षा दीड फूट वर घ्या, म्हणजे रानातलं पाणी आत येणार नाही. शेवटच्या चराचं पाणी ओढ्याला न देता नेपियरला द्या. आणि खालच्या विहिरीचं पाणी काम सुरू होण्याआधी एकदा तपासून घ्या, नायट्रेट आणि कोलिफॉर्म (विष्ठेची घाण मिसळल्याचा इशारा देणारे जिवाणू) दोन्ही. पावसाळ्यानंतर परत.