बिनमिरचीचा गरम मसाला मिक्सरवर कसा दळायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. वर्षाचं तिखट आमच्याकडं उन्हाळ्यातच होतं, ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी झणक्याला, मिरच्या वाळवून डंकीवर कुटून आणतो, त्याची काही अडचण नाही.

अडचण अशी की सासऱ्यांना डॉक्टरांनी तिखट पूर्ण बंद केलंय, मिरीसुद्धा नको म्हणालेत. त्यामुळं त्यांच्यापुरती धने-जिरे पूड, हळद आणि गरम मसाला घरीच करायला लागतोय. डंकीवर कितीही सांगा, आधीच्या मिरचीचा खकाणा त्यात उतरतोच, नुसती धनेपूड जिभेवर ठेवली तरी चुरचुरते, आणि त्यांना तेवढंही सोसत नाही हो.

घरात ५०० वॅटचा मिक्सर आहे. धने-जिरे छान होतात. पण लवंग, वेलदोडे, जायपत्री घालून सलग फिरवलं की भांडं चांगलंच तापतं, झाकण काढलं की वास घरभर आणि पुडीत काहीच नाही. पात्याखाली तेलकट गोळा बसतो तो चमच्याच्या दांड्यानं खरवडून काढायचा. दालचिनीच्या बारीक काड्या तर चाळणीतून पण निसटतात आणि आमटीत दाताखाली येतात, आणि दगडफूल नुसतं कापसासारखं फुगून गरगर फिरतं, दळलंच जात नाही.

आता पावसात ऊन कुठलं मिळायला, म्हणून मंद आचेवर कोरडं भाजते, पूर्ण गार करते मगच दळते, नाहीतर वाफ धरते. जायफळ किसूनच घालते. खोबरं, खसखस, तीळ यात घालतच नाही, तेल सुटतं. थांबून थांबून फिरवलं की जरा बरं होतं पण मग जाडसर राहतं.

कुणी करत असाल तर सांगा की, दालचिनी आणि दगडफूल आधी खलबत्त्यात कुटून घ्यायचं का? दगडफूल किती भाजायचं, लगेच करपतं ते. मोठ्या कारखान्यात मसाल्याचा वास टिकावा म्हणून लिक्विड नायट्रोजननं एकदम थंड करून दळतात, मग आपण लवंग-वेलदोडे घट्ट डब्यात घालून फ्रीझरला ठेवून दळले तर चालेल का? मला भीती एवढीच की बाहेर काढल्यावर दव धरून ओलं होईल.

आणि हळकुंड! बत्त्यानं फोडून घातलं तरी मिक्सरचं पातं टिकेल का? ७५० वॅटचा नवीन मिक्सर घ्यावा म्हणतेय, घरात मात्र सगळे घरघंटी घ्या म्हणतात, तिच्यात तेलकट जिन्नस घातले की जाळी बुजते असं ऐकलंय, पण धने आणि हळद निघते का नीट? आणि त्यावर लगेच गहू दळले तर पिठाला वास लागतो का? वापरणाऱ्या ताई-काकूंनी जरूर सांगा, घरची हळद संपत आलीय.